देवाच्या पाषाणातली शीर

आमच्या गावात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी एक निधी होता. तळेऱ्याहून देवगडला जाणाऱ्या रस्त्यापासून चार मैल आत, एस.टी. दिवसातून दोनदा, शाळा दहावीपर्यंत, आणि निधी मात्र भूशास्त्राचा. तो ठेवला होता आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्याने. तरुणपणी मुंबईला जाऊन त्याने विहिरी खणायची कंत्राटं घेतली, पुढे बोअरची यंत्रं घेतली, आणि जन्मभर लोकांच्या जमिनीत भोकं पाडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की खाली काय आहे यातलं आपल्याला काहीच कळत नव्हतं. हा त्याचा मोठेपणा. मरण्याआधी त्याने एक रक्कम बँकेत कायमची ठेवली आणि लिहून दिलं, की मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, व्याजातून गावातल्या मुलाला किंवा मुलीला दगडमातीचं शास्त्र शिकवायचं. ‘किंवा मुलीला’ हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, मी तो कागद पाहिला आहे. एवढा शहाणा माणूस, पण विश्वस्त निवडताना त्याची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तिघे विश्वस्त होते. पहिले तात्या, देवस्थानचे मानकरी. गावात कुठलाही नारळ तात्यांच्या हाताशिवाय फुटत नसे, आणि निधी हाही एक नारळच, अशी त्यांची समजूत होती. दुसरे हेडमास्तर, तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या भूगोलात फक्त राजधान्या होत्या, जमीन कुठेच नव्हती. तिसरा नाना, म्हाताऱ्याचा पुतण्या. याची चिरेखाण होती. जांभा दगड कसा कापायचा, आणि खालच्या थरातला मऊ चिरा गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसा मारायचा, हे त्याला चांगलं कळायचं. तिघांत मिळून दगडाचं ज्ञान म्हणाल तर तेवढंच. तात्यांना ‘भूगर्भशास्त्र’ हा शब्द पेलत नसे. ते ‘गर्भशास्त्र’ एवढंच म्हणायचे, आणि माझी आई आत चुलीपाशी तोंडाला पदर लावायची.

पहिली काही वर्षं निधीकडे एकही अर्ज आला नाही, कारण निधी आहे हे या तिघांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर मुलं अर्ज करणार, अर्ज आले तर ते वाचावे लागणार. पण व्याज तर साचत होतं. तेव्हा एका वर्षी त्यांनी पाणाडी आणला. दगडमातीचं शास्त्र म्हणजे जमिनीखालचं ज्ञान, पाणाड्याला जमिनीखालचं दिसतं, म्हणून शिष्यवृत्ती पाणाड्याला, असा हेडमास्तरांचा युक्तिवाद. पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून शाळेच्या मैदानात फिरला, एका जागी नारळ उभा राहिला आणि तिथे विहीर खणली गेली. ती अजून आहे. पोरं तिच्यात हरवलेला चेंडू शोधायला उतरतात, आणि पावसाळ्यातसुद्धा कोरड्या पायांनी वर येतात. पुढच्या वर्षी त्यांनी म्हाताऱ्याच्या नावाची कमान बांधली. जन्मभर दगडाशी झुंजलेल्या माणसाची कमान, चिऱ्यांच्या गावात, आणि तीही सिमेंटची. दगडासारखी दिसावी म्हणून तिच्यावर काळे-पांढरे ठिपके रंगवून घेतले होते. पुढे नोकरीत मी पुष्कळ प्रकारचे दगड पाहिले, पण तसा दगड अजून कुठे आढळला नाही.

या थोर मंडळींच्या सभा आमच्या घरी भरायच्या. माझे बाबा गावचे पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमच्या पडवीतलं एक टेबल, कुलपाची पेटी आणि शिक्क्याची गादी. गावात टेबल असलेलं घर आमचंच, आणि टेबलाशिवाय सभा होत नाही हे हेडमास्तरांना कुठून तरी ठाऊक होतं. बाहेर बाबा टपालावर ठक ठक शिक्के मारायचे, आत बिडाच्या तव्यावर पीठ पडलं की चर्र आवाज व्हायचा, आणि हे दोन आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले. सभेच्या दिवशी तव्याचा आवाज थांबायचाच नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, वर चहा, आणि नाना असला तर त्याच्यासाठी वेगळा बिनसाखरेचा. तिघेही टेबलाभोवती बसून आधी खायचे, मग सुपारी कातरायचे, मग ‘विषय पुढील सभेत घ्यावा’ असं ठरवून उठायचे. एकदा भांडी घासताना आई मला म्हणाली, “भूगर्भ खंय आसा ता माका म्हायत नाय गो बाय, पण घावणे खंय जातत ता मी बघतंय.” बाबांना हे बोलणं आवडत नसे. ते भिडस्त होते. सरकारी टेबलावर सांबाऱ्याचे डाग पडायचे, तेही ते स्वतः सभेनंतर ओल्या फडक्याने पुसायचे. मला त्या वयात बाबांचाही राग यायचा, आणि आज खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा येतो.

आता त्या निधीवर दुसरी माणसं आहेत. त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात मलाही घेतलं आहे, आणि रोज सकाळी त्यावर गुलाबाची फुलं येतात. गणपतीत बॅनर लागतो. त्यावर विश्वस्तांचे फोटो वितभर आणि ज्या पोराला शिष्यवृत्ती मिळाली त्याचं नाव बोटभर. मला ‘गावचं भूषण’ म्हणून भाषणाला बोलावतात. मी जात नाही. का जात नाही, ते त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही.

मला दगडांचा नाद लागला तो एका सरकारी माणसामुळे. मी नववीत असताना पाहणी करणारे दोघे अधिकारी आठवडाभर आमच्या पडवीत उतरले होते. दिवसभर हातोड्याने कातळ फोडायचे आणि संध्याकाळी तुकड्यांवर चिकटपट्टी लावून नंबर घालायचे. त्यांतल्या मोठ्यांनी जाताना मला एक जुनं भिंग दिलं आणि एक फाटकं पुस्तक. त्यानंतर मी काय काय पाहिलं नाही! चुलीची राख पाहिली, मीठ पाहिलं, आईच्या टाचेच्या भेगा पाहिल्या. पुस्तकातलं अर्धं समजायचं नाही, पण जे समजायचं ते मला एकटीलाच समजतं असं वाटून मी गावाकडे नाक वर करून बघायला लागले. शेजारची काकी भिंतीला टेकून बसली की मी तिला सांगायची, हा चिरा मुळात माती होता. काकी म्हणायची, “मगे, आता कोण झालो?” मला वाटायचं, काय हे अडाणी लोक.

बारावी झाल्यावर पुण्याला भूशास्त्र घेऊन पदवी करायची, हे मी ठरवून टाकलं होतं. बाबांच्या पगारात पुण्याचं होस्टेल बसत नव्हतं. आत्याने मिठबावचं एक स्थळ आणून ठेवलं होतं, कलमांची बाग, नारळी, घरात सासू एकटीच. आत्याच्या मते माझ्या तोंडाच्या मानाने ते फारच बरं होतं. म्हणजे एकतर निधी, नाहीतर मिठबाव. बाबांनी मला एवढंच सांगितलं, “मे सरेपर्यंत काय ता ठरव. नायतर आत्येक हो म्हणान सांगतंय.” मी म्हाताऱ्याच्या कागदातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून अर्ज लिहिला आणि तो टपालाने पाठवला. म्हणजे आमच्याच पडवीत बाबांनी त्यावर शिक्का मारला, पेटीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पेटीतून काढून टेबलावर तात्यांपुढे ठेवला.

निधीचा तो पहिलाच अर्ज. तिघे इतके घाबरले की घावणे थंड झाले. मुलगी दगड शिकणार, तेही पुण्याला, हे तात्यांच्या घशाखाली उतरेना. आठ दिवसांत दुसरा अर्ज आला. तो तात्यांच्या पुतण्याचा, विलासचा. विलासला भूशास्त्र नको होतं, त्याला बोअरच्या गाडीचा वाटा घ्यायचा होता. पण अर्जात त्याने ‘जमिनीखालील शिक्षण प्रत्यक्ष कामातून घेण्याची इच्छा आहे’ असं लिहिलं होतं. अक्षर हेडमास्तरांचं होतं. मी ते लगेच ओळखलं, कारण त्याच अक्षरातले शेरे मी दहावीपर्यंत वहीत सोसले होते.

पुढच्या सभेत मी दाराच्या पडद्याआड उभी होते. नाना म्हणत होता, काकांनी कागदात मुलगी लिहिली आहे, उद्या मुंबईहून कोणी विचारलं तर? नानाला माझी काळजी नव्हती, त्याला फक्त मुंबईची भीती होती. तात्या म्हणत होते, पुतण्या माझा असला म्हणून काय झालं, त्याचा हक्क का बुडवायचा? हेडमास्तर दोघांच्या म्हणण्याला मान डोलवत होते. तासाभराने तात्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “आपण माणसा. आपली चूक होईत. देवाक इचारूया.” बाकी दोघांनी असा सुस्कारा सोडला की माझ्या हातातला पडदा हलला. एक शिष्यवृत्ती, दोन अर्ज, त्यांतला एक अर्ज उघड खोटा, आणि निर्णय घेणार कोण, तर देवळातला पाषाण. दगडाचं शिक्षण कुणाला द्यायचं हे दगडालाच विचारायचं. यांच्या अंगात निर्णयाचं एवढं वावडं असेल अशी कल्पना त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला कशी येणार?

आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्याने एकेक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घातलं जातं, आणि जी पाकळी आधी सुटेल तो देवाचा शब्द. लग्न, घरभरणी, चोरी, हरवलेली म्हैस, सगळं त्यावर चालायचं. कौल लावायचा मान सोमा गुरवाच्या घरी चार पिढ्या होता. सोमा वाळलेल्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. गावाने त्याला कधी पुढे बसवलं नाही, पण त्याच्या हातच्या कौलावर कुणी शंकाही घेतली नाही. आणि मला त्या पाषाणाबद्दल असं काही माहीत होतं जे गावात कुणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होते. लहान असताना जत्रेच्या आधी देऊळ धुवायला आम्ही पोरं विहिरीतून कळशा भरून आणायचो. त्या दिवशी पाषाणावरचे कपडे उतरवलेले असायचे. तेव्हा मी उंबऱ्यावरून पाहिलं होतं, काळ्या खरबरीत दगडाच्या उजव्या खांद्यापासून खाली बोटभर रुंदीची पांढरी शीर गेलेली होती. पुढे पुस्तक वाचल्यावर कळलं की ती गारगोटी. गारगोटी गुळगुळीत असते, पाणी शोषत नाही. म्हणजे त्या बाजूची पाकळी आधी निसटणार. मी किती कौल मोजले होते? एकही नाही. पुस्तक होतं, भिंग होतं, मोजायची गरज मला वाटली नाही.

ठरल्या सकाळी देवळात अर्धं गाव जमलं. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले होते, आई मागे बायकांत होती. तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय दगडाच्या शिक्षणाचो निधी आसा, तो कोणाक देवचो ता आज तूच सांग. उजव्या अंगाची पाकळी विलासची, डाव्या अंगाची पोस्तमास्तरांच्या चेडवाची. जी आधी सुटात तेका निधी.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं.

उजवी विलासची. माझ्या डोळ्यांपुढे मिठबावची ती कलमांची बाग आली आणि मी ओरडले. गावात कुणी बोलत नाही तशा, पुस्तकातल्या भाषेत ओरडले. “उजवी बाजू चालणार नाही! पाषाणाच्या उजव्या अंगात गारगोटीची शीर आहे. तिच्यावर पाकळी ठरत नाही. उजवा कौल नेहमी आधीच पडतो. आणि हे गुरवांना माहीत आहे!”

शेवटचं वाक्य मी का बोलले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिघांवरचा राग होता, तो ज्याच्यावर काढता येण्यासारखा होता त्याच्यावर काढला, दुसरं काय! तात्यांचं तोंड लाल झालं. “सोमा, काय सांगता ता चेडू?”

सोमा गुरव गाभाऱ्यात ओलेत्याने उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तात्यांना म्हणाला, “कौल लावचो काय नाय, तेवढा सांगा.”

“लाव.”

त्याने नेहमीसारखं सहाणेवरचं गंध बोटावर घेतलं, पाषाणाला लावलं, तळहाताने वारा घातला, थांबला. मग दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दोन अंगांना लावल्या आणि हात जोडून बाजूला झाला. मी उजव्या पाकळीवर डोळे लावून उभी होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या मागे कुणीतरी “आवशीक खाव” असं नवलाने पुटपुटलं तेव्हा मी डावीकडे बघितलं. डावी पाकळी खाली पडली होती.

निधी मला मिळाला. देवाने तो मला दिला, आणि मी खोटारडी आहे हे दाखवण्यासाठी दिला, असा गावाने त्याचा अर्थ लावला. तात्यांची पंचाईत बघण्यासारखी होती. कौल मोडता येत नाही, आणि देवाच्या अंगाला नावं ठेवणाऱ्या पोरीला तसंच सोडताही येत नाही. वाट काढली हेडमास्तरांनी. असे लोक जन्मभर काही करत नाहीत, पण दुसऱ्याला वाकवायची वेळ आली की त्यांना बरोबर सुचतं. ते शुद्ध मराठीत म्हणाले, “विद्यार्थिनीने देवासमोर सांगावं, की पाषाणात शीर नाही. म्हणजे श्रद्धाही राहील आणि शास्त्रही राहील.” शास्त्र कसं राहणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही. नाना म्हणाला, “सांगल्यान तर द्या, नायतर परत कौल लावूया.”

बाबा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “बाय, सांग. दोन शबुद ते. पुण्याक जावचा आसा मां तुका?”

मला जायचं होतं. त्या क्षणी मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. गंध वाळलं होतं, त्याच्या कडेने शीर दिसत होती, पांढरी, बोटभर, लहानपणी पाहिली होती तिथेच. मी तिच्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाषाणात शीर नाही. माझ्या नजरेची चूक झाली.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं, आणि तात्यांनी माझ्या हातात नारळ दिला. हेडमास्तर टाळ्या वाजवायला लागले होते, पण देवळात टाळ्या वाजवायच्या असतात की नाही हे न कळून मध्येच थांबले. भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी जगापुढे केलेलं पहिलं विधान ते. पुढे नोकरीत पाण्याच्या शोधात मी शेकडो अहवाल लिहिले, मंत्र्यांनी दबाव आणला तरी एक ओळ बदलली नाही, आणि सहकारी मला करडी बाई म्हणायचे. मला हसू यायचं. बाई देवळात आधीच विकली गेलेली होती, आता फक्त तेवढा भाव कुणी देत नव्हतं.

दुपारी सोमा गुरव आमच्या घरी आला. कौल ज्याच्या बाजूने पडतो त्याच्या घरी प्रसाद पोचवायचा अशी रीत आहे. केळीच्या पानात खोबऱ्याचे तुकडे आणि ती डावी पाकळी होती. आईने त्याला चहा दिला. तो पडवीच्या पायरीवर बसला, टेबलाजवळच्या बाकावर बसला नाही. बाबा टपालाची पिशवी घेऊन तळेऱ्याला गेले होते. मी आतच राहणार होते, पण त्याने हाक मारली. “बाय, ता भिंग आसा मां तुझ्याकडे? दाखय बघूया.”

मी आणून दिलं. त्याने भिंगातून स्वतःच्या नखात अडकलेलं गंध पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पाटीवरचं गणित समजावून सांगावं तशा आवाजात सांगायला लागला.

“शीर आसा. माझ्या आज्याक म्हायत होती. पाकळी थंय ठरत नाय ता पण म्हायत होता. म्हणान तेना गंध लावूक सुरवात केल्यान. बारीक उगाळलेला, शिरेवरच, दुसरीकडे नाय. सुकला काय दोनय बाजू सारख्यो. मगे जी पाकळी पडात ती देवाची. माझो बापूस लावी, मी लावतंय. लोकांका वाटता पूजा.”

तीन पिढ्या हा माणूस आणि त्याचे बापजादे दगड बघून, त्याचा दोष ओळखून, तो दोष काढून मग कौल लावत होते. अख्ख्या गावात दगड वाचणारं एकच घर होतं, आणि त्या घराला मी भर देवळात लबाड म्हटलं होतं. मी म्हटलं, “मग तुम्ही तिथेच का नाही सांगितलं?”

“सांगणार होतंय. कौल झाल्यार परत इचारतले म्हणान वाट बघी होतंय. शीर आसा, आणि मी तिका गंध लावतंय, ह्या सगळ्यांसमोर सांगूचा असा मी ठरवलंलंय. माका भिया नाय. खरा ता खरा.” त्याने बशीतला चहा संपवला. “तेच्या आधी तूच नाय म्हणालंस.”

मी रडायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली. सोमा माझ्यावर रागावला नव्हता, निदान आवाजात तरी राग नव्हता. तो उठला, भिंग पायरीवर जपून ठेवलं आणि म्हणाला, “काय मागे घेवचा होता तर सोमा लबाड आसा ह्या मागे घेवचा होतास. ता तसाच ठेवलंस. आणि खरा होता ता पुसून टाकलंस.”

तो गेल्यावर आई म्हणाली, जा, त्याच्या मागे जा आणि संध्याकाळच्या आरतीला सगळ्यांसमोर सांग. मी म्हटलं, सांगते. आरतीला गेले नाही. सांगितलं असतं तर निधी गेला असता. उद्या सांगू, पहिला हप्ता आल्यावर सांगू, पुण्याहून पत्र लिहू, असं मनात घोळवत मी ट्रंक भरली. जून उजाडला, मी पुण्याला गेले. तीन वर्षं निधीचे पैसे वेळेवर आले, तेवढं या तिघांचं कौतुक करायला हवं. त्यांची मी आयुष्यभर चेष्टा केली, मैत्रिणींत, नोकरीत, इथे वरही केलीच. पाणाडी, कमान, घावणे, सगळं रंगवून सांगितलं आणि लोकांना पोट धरून हसवलं. सोमा गुरवाची गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

गावाचा हिशेब सरळ होता. पाषाणात शीर नाही हे मी स्वतःच देवासमोर सांगितलं होतं. पण उजवा कौल आधी पडतो आणि गुरवाला ते माहीत आहे, हेही मीच बोलले होते, आणि ते मी परत घेतलं नव्हतं. मग दगडात काही नसेल तर उजवी पाकळी पाडणारा एकटा सोमाच उरला. ज्याचा कौल मनाविरुद्ध पडला त्याला आता कारण सापडलं होतं. पहिल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा लोक कौल लावायला दुसऱ्या गावच्या देवळात जाऊ लागले होते. तात्याही गेले होते, एका जमिनीच्या भांडणासाठी.

एका सकाळी मी विहिरीवर जात होते. सोमा गुरव समोरून कळशी घेऊन येत होता. शाळेच्या कुंपणावर बसलेल्या पोरांनी त्याला हाक मारली, “ओ उजवो सोमा!” मला वाटलं तो थांबेल, त्यांना काही बोलेल, नाहीतर ऐकू न आल्यासारखं पुढे जाईल. तो माझ्याकडे बघून थोडं हसला, आणि पोरांकडे वळून म्हणाला, “काय रे?” त्याने त्या नावाला ओ दिली.